निफाडची थंडी आणि कोंबड्यांचं खुराडं: सल्ला हवा

द्राक्षमळा_निफाड:
मळ्यात ३५ गावरान कोंबड्या आहेत. परवा कावेरी जातीच्या कोंबड्यांची एक दिवसाची ६० पिल्लं आणली. खुराडं पत्र्याचं, १० बाय १२ फूट, दोन बाजूंना जाळी. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा ५-६ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. गेल्या साली प्लास्टिकचा कागद गच्च बांधला होता. सकाळी आत शिरलं की डोळे चुरचुरायचे, पत्र्यावरून पाणी ठिबकायचं, कोंबड्या शिंकायला लागल्या. अंडीही घटली. यंदा काय करू? रात्री शेगडी ठेवू का?

खुराडेवाला:
शेगडीचं डोक्यातून काढून टाका. कोंडलेल्या जागेत कोळशाच्या वायूने सकाळपर्यंत सगळं खुराडं आडवं होईल.
मोठ्या कोंबडीला पिसांचं पांघरूण असतं, ती कोरडी असेल तर ५ अंश सोसते. तुमचं घोडं ओलीत अडलंय. श्वासातली नि विष्ठेतली वाफ बाहेर जायला वाटच नव्हती, म्हणून तर डोळे चुरचुरले. प्लास्टिक सोडा, गोणपाट शिवून पडदा करा. खालची कड पक्की बांधा आणि दोरीने पडदा वर ओढा, म्हणजे वरचं फूटभर मोकळं राहील. वारं अंगावर येत नाही, वाफ वरून निघून जाते. ऊन आलं की पडदा पूर्ण खाली.
भाताच्या तुसाची गादी ३-४ इंच ठेवा, दर दोन दिवसांनी दाताळ्याने हलवा. तूस मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर ओल आहे. थोडा चुना भुरभुरवून खालीवर करा. बहुतेकदा ओल पाण्याच्या भांड्याखालीच सापडते.

माळरान:
पिल्लं मोठ्यांत सोडू नका. पुठ्ठ्याचं गोल कडं करा, वर ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब. एक उडाला तर दुसरा असतो. एलईडी नको, त्याचा नुसता उजेड पडतो. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली ढीग केला तर गारठलीत, कडेला पळाली तर उकडतंय, सगळी एकाच बाजूला गेली तर कुठून तरी वारं येतंय. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पाचव्या ते सातव्या दिवशी, ती चुकवू नका.

द्राक्षमळा_निफाड:
आणि रात्री लाईट गेली तर? आमच्याकडे तीच बोंब आहे.

माळरान:
पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये गरम पाणी भरा, गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवा. वरून अर्धं झाका, अर्धं उघडं. तीन-चार तास निभावतात. पाणी बदलायला उठावं मात्र लागतं.

अंडीवाली_ताई:
अंडी घटली त्यात दिवस लहान झाल्याचाही हात आहे. पहाटे बल्ब लावून उजेड १४ तासांवर न्या, आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत. संध्याकाळी मूठभर भरडलेला मका टाका, रात्रभर अंगात ऊब राहते. सकाळी पाणी कोमट द्या, गार पाण्याला त्या तोंड लावत नाहीत.

द्राक्षमळा_निफाड:
गोणपाट आजच शिवायला टाकतो. द्राक्षबागेत शेकोटी पेटवायला पहाटे तीनला उठतोच, तेव्हाच कॅन बदलून घेईन.