मदत हवी आहे: रिंगवाल्या पडद्याची एक कड सारखी खोलीत येते

पडदानशीन

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा किरकोळ आहे, पण गेले तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नाही. सासूबाई आता "आमचे स्प्रिंगवरचे पडदे काय वाईट होते?" इथपर्यंत आल्या आहेत. म्हणून इथे विचारते.

मार्चमध्ये आम्ही कासारवडवलीला राहायला आलो. चौदावा मजला, हॉलची खिडकी पश्चिमेला, समोर येऊरचे डोंगर. पाहुणे आले की आधी खिडकीपाशी जातात. पण दुपारी तीननंतर त्याच खिडकीतून असं ऊन येतं की सोफ्यावर बसवत नाही. म्हणून जाड कापड घेऊन पडदे शिवून घेतले. वर मोठ्या गोल रिंगा आणि त्यातून थेट रॉड ओवायचा, तो प्रकार.

मापं सांगते. खिडकीची चौकट ६ फूट रुंद. रॉड ७ फूट, पाऊण इंची, मध्ये एक सपोर्ट. पडदे दोन, प्रत्येकी ४ फूट रुंद आणि साडेपाच फूट लांब. त्याच कापडाची तशीच एक जोडी बेडरूमलाही केली आहे, तिथली खिडकी ४ फुटांची आणि रॉड ५ फुटांचा.

तक्रार पहिली: प्रत्येक पडद्याची एक कड भिंतीकडे जाते आणि दुसरी खोलीकडे येते. मधली कड आत ढकलली की टोकाची बाहेर. गेल्या रविवारी नवऱ्याने दोन्ही पडदे उतरवून उलट बाजूने ओवले. दोन तासांच्या घामानंतर बाहेर येणारी कड डावीकडून उजवीकडे गेली, इतकंच.

तक्रार दुसरी: दुकानात कशा लाटांसारख्या चुण्या पडलेल्या दिसत होत्या! आमचे पडदे लावले की चादर वाळत घातल्यासारखी दिसते. बेडरूममध्ये मात्र चुण्या बऱ्या पडतात. कापड तेच, शिंपी तोच.

तिसरी आणि सगळ्यात वाईट: जूनच्या पहिल्या वाऱ्यात डावीकडचा ब्रॅकेट गिट्टीसकट (स्क्रू पकडायला भिंतीत ठोकतात ती प्लास्टिकची नळी) निघून आला. लावताना ड्रिल अर्धा इंच गेलं आणि पुढे जाईना. लावणारे दादा म्हणाले "बीम लागला", आणि ब्लेडने गिट्टी अर्धी कापून ठोकून दिली. मला तेव्हाच शंका आली होती, पण शिडीवर ते होते.

सध्या डावी बाजू ग्रिलला सुतळीने बांधली आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

सूतभर

बाकीचं नंतर. आधी एका पडद्याच्या रिंगा मोजा आणि आकडा इथे लिहा.

पडदानशीन

मोजल्या. चारही पडद्यांना नऊ-नऊ. का हो?

सूतभर

मग रोग सापडला. शिंप्याचा हिशोब चुकला.

रिंगेतून रॉड जाताना दर वेळी कापड बाजू बदलतं: एकदा रॉडच्या पुढे, एकदा मागे. सुरुवातीची कड भिंतीकडे ठेवली तर पहिल्या रिंगेनंतर कापड पुढे येतं, दुसरीनंतर मागे, असं चालत जातं. सम आकड्यावर संपलं तर शेवटची कडही मागेच जाते. विषमावर संपलं तर ती पुढे येणारच. उलटं ओवून फक्त कोणती कड पुढे, तेवढं बदलतं. तुमच्या यजमानांनी तोच प्रयोग केला. तयार पडद्यांना बहुधा आठ रिंगा असतात त्या काही हौस म्हणून नाही.

उपाय सोपा आहे. टोकाची पट्टी मागे दुमडा, अशी की नववी रिंग बरोबर आठवीवर बसेल. तिथे टीप मारून घ्या. आता दोन रिंगांतून रॉड एकदमच जाईल, म्हणजे हिशोबाला आठ झाल्या. रिंगा प्लास्टिकच्या चापवाल्या असतील तर त्या दोन भागांत उघडतात. दोन्ही काढून दुहेरी कापडावर एकच बसवा, जास्त नेटकं दिसेल. पडदा साधारण पावणेपाच इंचांनी अरुंद होईल.

कोपरखैरणेची काकू

सूतभरांचं बरोबर आहे, पण पडदानशीन ताई, घाईने दुमडू नका. आधीच तुमच्याकडे कापड कमी आहे.

हॉलचा रॉड ७ फूट म्हणजे ८४ इंच. दोन पडदे मिळून ९६ इंच. म्हणजे जेमतेम बारा इंच जास्त, त्यात चुण्या कुठून पडणार? रिंगवाल्या पडद्याला रॉडच्या निदान दीडपट कापड लागतं, दुप्पट असेल तर दुकानातल्यासारखं दिसतं. बेडरूममध्ये ६० इंचांच्या रॉडवर तेच ९६ इंच आहेत, दीडपटीहून थोडं जास्तच. तिथे बरं दिसतं त्याचं गुपित एवढंच. आणि दुमडल्यावर हॉलमध्ये जेमतेम साडेशहाऐंशी इंच उरेल. मग चादरसुद्धा म्हणता येणार नाही, फळाच म्हणावा लागेल.

दुकानदार खिडकीचं माप विचारतात, रॉडचं विचारत नाहीत. आमच्याकडेही हेच झालं होतं, वरून "मॅडम, दोनमध्ये आरामात होऊन जाईल" हे ऐकवलं. आराम त्यांना झाला.

येऊरचा वारा

ब्रॅकेटबद्दल मी लिहितो, कारण आमच्या इमारतीत दर पावसाळ्यात कुणाचा ना कुणाचा पडदा खाली येतो.

आपल्याकडच्या टॉवरमध्ये खिडकीच्या वर बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा बीम असतो, त्यावर प्लास्टर किंवा जिप्सम. साधं ड्रिल प्लास्टर सहज पोखरतं आणि काँक्रीटला टेकलं की नुसतं फिरत राहतं. तुमच्या दादांनी गिट्टी कापून त्या अर्ध्या इंचात बसवली, म्हणजे पडद्याचं सगळं ओझं प्लास्टरवर. वारा आला की पडद्याचं शीड होतं आणि ते हिसके थेट ब्रॅकेटला बसतात. ते निघणारच होतं.

हॅमर असलेलं ड्रिल मागवा. ६ मिमीचा सिमेंटचा बिट, ६ मिमीची गिट्टी, दोन इंची स्क्रू. बिटवर दोन इंचांवर रंगीत टेप गुंडाळा, टेप भिंतीला टेकली की थांबायचं. भोकातली धूळ फुंकून काढा (डोळे मिटून, अनुभवाने सांगतो). धूळ राहिली तर गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि पुन्हा कुणाला तरी ब्लेड आठवतं. मध्येच बिट अजिबात पुढे सरकेना तर आत सळई आहे, जोर लावू नका, इंचभर बाजूला दुसरं भोक पाडा. जुनं भोक लांबीने (पुट्टीने) बुजवा, त्यातच जाडी गिट्टी ठोकण्याच्या फंदात पडू नका.

आणि खिडकीजवळ एसीचा पॉइंट असेल तर त्याच्या सरळ वर आणि सरळ आडव्या रेषेत भोक नको. भिंतीतली वायर बहुधा त्याच रेषांतून गेलेली असते.

पडदानशीन

एसीचा पॉइंट डाव्या ब्रॅकेटपासून हातभर लांब आहे, आणि खाली आहे. हुश्श.

आमच्या सोसायटीत दुपारी २ ते ४ ड्रिल बंद असतं, त्यामुळे शनिवारी सकाळीच उरकावं लागेल. अजून एक विचारते, ब्रॅकेट भिंतीपासून किती बाहेर असावा? आमचा दोनच इंच आहे आणि पडद्याच्या मागच्या बाजूला भिंतीचा रंग लागतोय.

सूतभर

दोन इंच कमीच. तुमच्या रिंगांमध्ये साडेपाच इंच अंतर आहे ना? म्हणजे पडदा गोळा केला की प्रत्येक दुमड पावणेतीन इंच मागे जाणार आणि तेवढीच पुढे येणार. रॉडचा मध्य भिंतीपासून तीन-साडेतीन इंचांवर हवा. हुकाच्या पडद्याला दोन इंच चालतात, रिंगेला नाही.

ब्रॅकेट बदलताय तर रॉडही एक इंची घ्या. पाऊण इंची रॉड सात फुटांवर लवतो. रिंगेचं भोक ४० मिमीच्या आसपास असतं, एक इंची आरामात जाईल. मधला सपोर्ट मात्र ठेवा.

दोन्ही बाजूंची शेवटची रिंग ब्रॅकेटच्या बाहेर, रॉडच्या टोकाला असलेल्या नॉबच्या आत घ्या. म्हणजे पडदा ओढला तरी टोकाची कड जागची हलत नाही आणि बाजूने उन्हाची फट राहत नाही. हे बरेच जण विसरतात आणि मग कडेला सेफ्टी पिना लावत बसतात.

भाडेकरू

मला वाटतं एवढा आटापिटा करण्यापेक्षा सरळ ट्रॅक आणि हुक. किंवा ब्लाइंड. आमचे घरमालक एक खिळासुद्धा मारू देत नाहीत, मी चौकटीच्या आत अडकणारा स्प्रिंगचा रॉड लावलाय, झालं काम.

कोपरखैरणेची काकू

भाडेकरू, तुमची खिडकी तीन फुटांची असेल. सहा फुटांत जाड पडद्याला तो रॉड लावून बघा, रात्री अडीचला कळेल.

भाडेकरू

:) साडेतीन फूट. रात्री अडीचला कळलं होतं, पातळ पडदा लावला मग.

पडदानशीन

ट्रॅकचा विचार केला होता, पण आता रिंगांचे पडदे शिवून झालेत, ते टाकवत नाहीत. मग मी आणखी दोन पडदे शिवून चार करू का? पण मध्ये सपोर्ट आहे, रिंगा त्याच्यावरून पलीकडे जात नाहीत. एका बाजूला दोन-दोन सुटे पडदे झाले की मध्ये आणखी दोन फटी. आणि त्यांच्या कडाही पुढे-मागे!

सूतभर

सुटे कशाला ठेवता? जोडून टाका. दोन पडद्यांच्या कडा एकमेकींवर अर्धा इंच चढवून उभी शिवण घाला. नऊ आणि नऊ अठरा. सम!

दुमडायचं मी सांगितलं होतं ते विसरा. काही कापायचं नाही, काही दुमडायचं नाही. प्रत्येक बाजूला अठरा रिंगांचा एक पडदा, दोन्ही कडा भिंतीकडे. अर्धा रॉड ४२ इंचांचा आणि कापड साडेपंचाण्णव इंच, म्हणजे सव्वादोन पट. जोडाजवळच्या दोन रिंगांमध्ये अंतर थोडं कमी राहील, त्यामुळे तिथली चुणी जरा बारीक पडेल. कडा भिंतीकडे ठेवल्या की तो जोड पुढच्या दुमडीत येतो, म्हणून शिवण नेटकी घालून घ्या. तुम्ही सांगितलंत तरच कुणाला कळेल.

कोपरखैरणेची काकू

वा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ताई, नवीन कापड त्याच ताग्यातलं मिळतंय का आधी बघा. दुसऱ्या ताग्याचा रंग उन्हात उभा फरक दाखवतो. आणि सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात नवे आटतील, जुने तसेच राहतील.

पडदानशीन

थांबा थांबा. बेडरूमची जोडी त्याच ताग्यातली, त्याच मापाची, त्याच दिवशी शिवलेली आहे. ती हॉलमध्ये आणली तर? चार पडद्यांचे दोन होतील. बेडरूमला तसंही पूर्ण अंधार करणारं कापड हवंच होतं, नवऱ्याच्या आठवड्यात दोन रात्रपाळ्या असतात.

सूतभर

मग मी इथे काय करतोय? :) शनिवारचा फोटो टाका.

पडदानशीन

अपडेट (रविवार).

हॅमर ड्रिल शेजारच्या विंगमधल्या काकांनी दिलं, आणि ते चालवायला स्वतःच आले. दोन इंचांना तीन मिनिटं लागली एका भोकाला. उजवीकडे एकदा सळई लागली, इंचभर सरकून दुसरं पाडलं. साडेतीन इंचांचे ब्रॅकेट आणि एक इंची रॉड घेतला. लेव्हलची बाटली नव्हती, म्हणून चौकटीपासून चार इंच मोजून खुणा केल्या होत्या. काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून तपासलं, तर चौकटच पाव इंच तिरकी निघाली. खूप वाद झाल्यावर रॉड चौकटीप्रमाणे लावला, कारण डोळ्यांना तेच सरळ दिसतं.

शिंप्याकडे चारही पडदे घेऊन गेले. त्याला नऊचा हिशोब सांगितला तर म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणाला होतात जरा जवळ-जवळ रिंगा टाका." हे खरं आहे, मी म्हणाले होते. जोडायचे पैसे घेतले नाहीत त्याने.

आता चारही कडा भिंतीकडे आहेत. चुण्या बघून सासूबाई म्हणाल्या, "हे ठीक आहे, पण धुणार कोण?"

काकू, अठरा रिंगांसकट एवढं जड कापड मशीनमध्ये कसं घालायचं?

कोपरखैरणेची काकू

रिंगांचा वरचा भाग गोळा करून जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला, तोंड नाडीने बांधा, बाकी कापड मोकळं ठेवा. एका वेळी एकच पडदा, गरम पाणी नको. आणि श्रावण संपेपर्यंत धूच नका, जाड कापड वाळत नाही आणि कुबट वास येतो.

पडदानशीन

बेडरूमच्या खिडकीला सध्या जुनी बेडशीट आहे. अंधार करणाऱ्या कापडाबद्दल नवा धागा काढते. यावेळी शिंप्याला आठ सांगेन.