मदत हवी आहे : बातमीदाराच्या मानसिक आघातावर नाशिकमध्ये उपचार कोठे मिळतील?

डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील एप्रिल २०२१ ची प्राणवायू गळती आणि ऑक्टोबर २०२२ मधील औरंगाबाद रोडवरील बस आग या दोन्ही घटनांचे वार्तांकन केलेला माझा सहकारी आता आमच्या डेस्कवर अपघातांच्या कच्च्या चित्रफिती तपासून त्यांतला दाखवण्याजोगा भाग वेगळा काढतो. गेल्या काही महिन्यांपासून त्याला सलग झोप लागत नाही, आणि रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की कीबोर्डवरचे त्याचे हात थबकतात.

आवाज बंद करून लहान चौकटीत चित्रफीत पाहणे, पाळी बदलून घेणे, हे करून झाले. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून धीर मिळाला आणि प्रत्यक्ष उपचार घेण्याचा सल्लाही. एका समुपदेशकांनी मात्र ‘नुसत्या चित्रफिती पाहून असे होत नसते’ म्हणून विषय मिटवला, त्याचे फार वाईट वाटले. कारण कामाचा भाग म्हणून अशी दृश्ये वारंवार पाहावी लागणे हेही आघाताचे कारण ठरू शकते, असे डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून नमूद आहे.

त्याला नोकरी सोडायची नाही, तूर्त कार्यालयात हे कळू द्यायचे नाही, आणि दुपारी दोनपूर्वीचीच वेळ जमते. तेव्हा आघातोत्तर तणावावर मराठीतून उपचार करणारे, शक्यतो पत्रकार, पोलीस किंवा अग्निशमन दलातील रुग्णांचा अनुभव असलेले मानसतज्ज्ञ नाशिकमध्ये कोणाच्या माहितीत आहेत का? आणि चार-पाच जणांच्या डेस्कवर अशा चित्रफितींचे काम आळीपाळीने कसे वाटून घेता येते?