'जगात उरल्या शंभरच प्रती' हे मोजलं कोणी?

पिवळीपानं (धागा)

'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला, तो जून १९३८ चा. किंमत दहा सेंट, छापलेल्या प्रती सुमारे दोन लाख. त्यातल्या आज शंभरेक उरल्या असाव्यात, असं लिलावाच्या बातम्यांत नेहमी येतं. पुढे तोंडातोंडी 'असाव्यात' गळून पडतं आणि 'जगात फक्त शंभर' एवढंच राहतं. या शंभरावर लाखो डॉलरचे व्यवहार होतात, म्हणून हा धागा.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी: सीजीसी ही अमेरिकेतली कंपनी २००० साली सुरू झाली. आपला अंक त्यांच्याकडे पाठवायचा. तिथले परीक्षक पानं मोजतात, पाठ (अंकाची घडीची कड), पिना, कोपरे, कागदाचा रंग तपासतात, कुठे डागडुजी झाली आहे का ते शोधतात आणि ०.५ ते १० मधला ग्रेड देतात. मग ग्रेडचं लेबल लावून अंक प्लास्टिकच्या कवचात सीलबंद होतो. कोणत्या अंकाच्या किती प्रतींना कोणता ग्रेड मिळाला याची जी नोंद राहते तिला 'सेन्सस', म्हणजे जनगणना, म्हणतात.

खरी अडचण या नावापासूनच सुरू होते. जनगणनेत प्रगणक दारोदार फिरतो. इथे मालक स्वतः पैसे भरून नाव नोंदवतो, नको असेल तर नोंदवत नाही. काही जण दोनदाही नोंदवतात. कवच फोडतात, अंक गरम दाबाखाली ठेवून वळ्या घालवतात (याला प्रेसिंग म्हणतात) आणि वरच्या ग्रेडच्या आशेने पुन्हा पाठवतात. जुनं लेबल परत केलं नाही, तर एकच प्रत दोनदा मोजली जाते.

उलट बाजूचं उदाहरण याहून बोलकं आहे. कोलोराडोतला एडगर चर्च हा जाहिरातींची चित्रं काढणारा माणूस वर्षानुवर्षं अंक विकत घेऊन रचून ठेवत गेला. १९७७ मध्ये त्याच्या घरातून हजारो अंक बाहेर आले, बरेचसे कोरे करकरीत, कारण तिथली हवा कोरडी आणि अंक दाबून रचलेले. त्यातली 'ॲक्शन'च्या पहिल्या अंकाची प्रत सगळ्यात सुंदर असल्याचं अनेक जाणकार मानतात. ती सेन्ससमध्ये नाही. ज्या मोजणीत सर्वोत्तम मानलेली प्रतच नाही, तिच्या आधारे आपण दुर्मिळता ठरवतो.

हडसनकाठ

तुमचा मुद्दा सेन्ससपुरता मान्य. पण आपण ग्रेडिंगलाच नको इतका मान देतो असा जो सूर त्यात आहे, त्याला माझा ठाम विरोध आहे.

मी न्यू जर्सीत राहते. नऊ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून साठच्या दशकातला एक अंक सुटा, म्हणजे ग्रेड नसलेला घेतला. मुखपृष्ठ चकचकीत, कडा सरळ. पुढे तो तपासायला पाठवला तेव्हा कळलं की उजवी कड कापून सरळ केली आहे आणि पाठीवरचे पांढरे ओरखडे रंगाने झाकले आहेत. जांभळं लेबल लागलं, म्हणजे डागडुजी केलेला अंक. दिलेल्या पैशांचा चौथा हिस्साही हाती आला नसता. मला ते डोळ्यांनी दिसलं नव्हतं आणि दिसणारही नव्हतं.

ग्रेडिंग नव्हतं तेव्हा विक्रेता 'उत्तम स्थिती' म्हणायचा आणि आपण मान डोलवायचो. मला तो काळ परत नको आहे.

शिळाकागद

हडसनकाठ, तुमचं नुकसान खरं आहे. पण एकाच दुकानाने औषधही विकावं आणि रोगही तपासावा, हे तुम्हाला खटकत नाही का? प्रेसिंगला सीजीसी डागडुजी मानत नाही आणि त्याच उद्योगसमूहातली दुसरी कंपनी प्रेसिंग करून देते. अंक दाबून या, ग्रेड वाढवून न्या. ऐंशी वर्षांच्या कागदाला उष्णता देणं त्याच्यासाठी बरं की वाईट, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

आणि आकड्याची भुरळ बघा. 'अमेझिंग फँटसी'चा पंधरावा अंक, १९६२ चा, स्पायडरमॅनचा पहिला. ९.४ ची प्रत २०१६ मध्ये साडेचार लाख डॉलरच्या आसपास गेली. ९.६ ची २०२१ मध्ये छत्तीस लाखांना. मध्ये पाच वर्षं गेली, बाजार चढला, सगळं धरा. तरी शून्य पूर्णांक दोनचा हा फरक मला दोन्ही अंक शेजारी ठेवून दाखवा.

हडसनकाठ

दाखवता येतो. पाठीजवळ मोडलेल्या रंगाच्या बारीक रेघा मोजा, कोपऱ्याला भिंग लावा. फरक लहान आहे, खोटा नाही. आणि छत्तीस लाख परीक्षकाने दिले नाहीत, बोली लावणाऱ्याने दिले. ९.६ च्या वरची एकही प्रत नाही, म्हणून दिले. सोनाराने कस सांगितला म्हणून सोन्याच्या भावाचा दोष त्याच्यावर येत नाही.

प्रेसिंगचं म्हणाल तर तिथे मी तुमच्या बाजूने आहे. ते लेबलवर लिहिलं पाहिजे.

गणिताचीवही

उरलेल्या प्रती मोजायच्याच असतील तर तळ्यातले मासे मोजायची जुनी रीत इथे लागू पडते: काही मासे पकडून, खूण करून सोडायचे, मग पुन्हा जाळं टाकून त्यात खुणेचे किती ते बघायचं. दोन वेगवेगळ्या याद्या घ्या. समजा, पहिलीत ६० प्रती आहेत, दुसरीत ३०, आणि दोन्हींत सामाईक २०. तर एकूण अंदाज ६० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे ९०. प्रत ओळखायची कशी? प्रत्येक जुन्या अंकावर खुणा असतात: वाकडी छाटणी, पिनांची जागा, दुकानदाराने पेन्सिलीने टाकलेली तारीख. यामुळे कवच बदललं तरी दुहेरी नोंद पकडता येते. अंदाजपंचे दाहोदरसे करण्यापेक्षा हे बरं.

पिवळीपानं

रीत सुंदर आहे, पण ती तळ्यातले सगळे मासे सारखेच हाती लागतात असं धरते. इथे तसं नाही. महागडी, वारंवार विकली जाणारी प्रत दोन्ही याद्यांत येते. पोटमाळ्यावरची कुठल्याच यादीत येत नाही. म्हणजे उत्तर नेहमी कमीच येणार.

मिनेसोटातली २०१३ ची गोष्ट आठवा. एका माणसाने स्वस्तात पडकं घर घेतलं. भिंत पाडताना आत थंडीसाठी कोंबलेल्या रद्दीत त्याला 'ॲक्शन'चा हाच पहिला अंक सापडला. घरच्यांच्या ओढाताणीत मागचं पान फाटलं, ग्रेड १.५ लागला, तरी तो पावणेदोन लाख डॉलरला गेला. सापडण्याच्या आदल्या दिवशी ती प्रत कोणत्या यादीत होती?

गणिताचीवही

कोणत्याच नाही. म्हणूनच ९० ला 'किमान' म्हणायचं. 'किमान ९०' आणि 'फक्त ९०' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमचा राग गणितावर नसून लिलावाच्या जाहिरातीवर आहे. आणि दुसरी बाजूही लक्षात घ्या. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वतःच्या आम्लानेच पिवळा पडून तुटणारा. युद्धकाळात अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या, त्यांत किती अंक गेले असतील! पोटमाळ्यावर हजारो प्रती लपल्यात असं मानायलाही आधार नाही. भाव दहा लाखांच्या पुढे गेल्याला दीड दशक झालं, लोकांनी घरं धुंडाळली, तरी नव्या प्रती एकेक करूनच बाहेर येतात.

पिवळीपानं

हा शेवटचा मुद्दा मला पटला. तो मी धरला नव्हता.

बांधणीवाला

मी आपल्याकडचं सांगतो. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ मध्ये मुंबईतून सुरू झालं, मराठीतही निघायचं. आमच्या घरी वेताळाचे अंक वडील दहा-दहाचे गठ्ठे करून बाइंडरकडे द्यायचे. तो तिन्ही बाजू कापायचा, पुठ्ठा चढवायचा. अमेरिकन मोजपट्टीने तो प्रत्येक अंक 'कड कापलेला', म्हणजे जवळपास बाद. पण आज माझ्याकडे जे आहेत ते त्या पुठ्ठ्यामुळेच. सुटे ठेवलेले कसरीने खाल्ले, उरलेले रद्दीत गेले. पावसाळी हवेतल्या कागदाला सीजीसीची, तिकडे फ्लोरिडातली पट्टी लावू नका, एवढंच म्हणणं.

हडसनकाठ

पट्टी बदलू नका, नोंद वाढवा. 'बांधणीसाठी कापलेला' हे स्वच्छ लिहिलं की घेणारा फसत नाही. कापलेलं लपवणं आणि कापलेलं सांगणं यांतच माझी सगळी तक्रार आहे.

पिवळीपानं

मग मराठी इंद्रजालची यादी इथेच सुरू करू. पहिले रकाने: अंक क्रमांक, सुटा की बांधलेला, मुखपृष्ठ आहे का, वाचनालयाचा शिक्का, पिनांचा गंज पानात उतरला आहे का, वरच्या पिनेपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये. आकडा फक्त 'किमान' म्हणून लिहायचा. बांधणीवाला, पहिल्या गठ्ठ्यातले दहा अंक तुम्ही द्याल का?

बांधणीवाला

रविवारी कपाट उघडतो. शिवण पिनेवरूनच गेली आहे, त्यामुळे पिनेचं अंतर मिळणार नाही. शिवणीच्या भोकांचं चालेल का?