मदत हवी आहे: एन्जिनएक्स, पीएचपी आणि रेडिसला एकच साइझ कशी लिहायची?

एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, पीएचपीत लिहिलेलं अ‍ॅप आणि रेडिस हा मेमरीतला डेटाबेस, अशी आमची साखळी. अपलोडची मर्यादा अ‍ॅन्सिबलच्या (सर्व्हरची सेटिंग्ज आपोआप लिहिणारं साधन) एकाच व्हेरिएबलमधून तिन्हीकडे जाते, किंमत ६४एम. काल ६.५ कोटी बाइट्सची फाइल एन्जिनएक्स आणि पीएचपीमधून सुखरूप गेली आणि रेडिसने अडवली: 'इनव्हॅलिड बल्क लेंग्थ'. रेडिसची सेटिंग दाखवणारी 'कॉन्फिग गेट' कमांड देऊन 'प्रोटो-मॅक्स-बल्क-लेन' (एका वेळी घेता येणाऱ्या मजकुराची कमाल लांबी) पाहिलं तर ६,४०,००,०००! रेडिसला नुसता 'एम' म्हणजे दहा लाख. १०२४ च्या हिशोबासाठी (१०२४ × १०२४ बाइट्स) 'एमबी' लागतं. बाकी दोघांचा 'एम' मात्र १०२४ चाच, म्हणजे ६,७१,०८,८६४.

'एमबी' करून पाहिलं. एन्जिनएक्स सुरूच होईना (निदान तोंडावर सांगतं तरी). पीएचपीने शेवटचं अक्षर 'बी' पाहून चक्क ६४ बाइट्स धरले. आमची आवृत्ती ८.१ आहे, त्यामुळे साधी वॉर्निंगही नाही.

सरळ ६७१०८८६४ लिहिलं की तिघंही ऐकतात, पण उद्या कोणी एक आकडा चुकवला तर कळणारही नाही. तीन वेगळी व्हेरिएबल्स नकोत, एक बदलायचं राहतंच. आवृत्त्या सध्या बदलता येणार नाहीत.

व्हेरिएबलमध्ये वाचता येईल अशी किंमत ठेवून टेम्पलेटमध्येच (अ‍ॅन्सिबल ज्या साच्यातून कॉन्फिग फाइल बनवतं) बाइट्स करायचे, तर अ‍ॅन्सिबलचा 'ह्यूमन_टू_बाइट्स' फिल्टर (अशा किमतीचे बाइट्स करून देणारा) 'एम'ला १०२४ चा धरतो ना? प्रॉडक्शनवर कोणी वापरलाय का?