डांबर संपल्यावर : पुण्याजवळच्या डोंगरातले मुक्काम, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, थार, जिम्नी, गुरखा अशा चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या घेतलेले आपल्यात बरेच झालेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "शनिवार-रविवार कुठे न्यायची?" हाच असतो. ठिकाणांच्या याद्या ढिगाने मिळतात. वाट कशी होती, गाडी कुठे अडली, तंबू कुठे ठोकला, वाडीतल्या माणसांशी काय बोलणं झालं, हे मात्र फारसं कोणी लिहीत नाही. ते लिहा. सुरुवात मी करते.

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी 15-16 किलोमीटर. पावसाळ्यात या वाटेवर चिखल, ओढे आणि सुटे धोंडे तिन्ही भेटतात. कच्चा रस्ता लागला की आम्ही चाकांतली हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर पसरतो, जमीन धरतो, धोंड्यावर आदळत नाही. ओढ्याकडे उतरताना लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची जोडणी), पहिला गिअर आणि क्लच-ब्रेक दोन्हीवरून पाय बाजूला. पाय सारखा ब्रेककडे ओढ घेतो, पण ओल्या मातीत ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि गाडी आडवी घसरते. इंजिनवर सोडली की ती गोगलगाईच्या चालीने, पण सरळ उतरते. वेग म्हणजे ऑफरोडिंग हा गैरसमज या एका उतारावर जातो.

मुक्काम वाडीतल्या एका मावशींच्या अंगणात केला. चुलीवरचं पिठलं, तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा. राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, सकाळी पायीच पाहिले.

भोरचा गॅरेजवाला :
ताई, हवेचं बरोबर लिहिलंत. डांबरावर परत आल्यावर ती भरायला विसरू नका, कमी हवेत वेगाने चालवलं तर टायर तापतो. म्हणून गाडीत कॉम्प्रेसर हवाच.

माझ्याकडे लोक फसलेल्या गाड्या काढायला बोलावतात, म्हणून ओढण्याबद्दल कळकळीने सांगतो. टो-बॉलला, म्हणजे मागच्या त्या गोळ्याला, पट्टा कधीच अडकवू नका. झटक्याने तो गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो, माणूस जातो. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसवलेला हुक आणि चांगल्या प्रतीचा डी-शॅकल (पट्टा जोडायची पिनवाली लोखंडी कडी) वापरा. ताणलेल्या पट्ट्यावर मधोमध जड गोधडी नाहीतर ओलं पोतं टाका, तुटला तरी त्याचा जोर मरतो. आणि बघे लांब उभे करा. व्हिडिओ काढायला नेमकी पट्ट्याशेजारीच गर्दी होते. आधी मात्र फावडं काढा. चाकापुढची माती उकरून दगड घातले की निम्म्या गाड्या आपल्या आपण निघतात.

सिंहगड रोड :
केळदजवळ मढे घाट. थंडीत गेलो होतो. कड्यापासून बरंच आत तंबू लावला तरी कोकणातून वर चढणाऱ्या वाऱ्याने रात्रभर कापड फडफडत होतं. गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली, मग झोप लागली. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला, या भागात फुरसं हा विषारी साप असतो.

चिंचवडची आई :
काजव्यांसाठी मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंत जाणार असाल तर एक विनंती. गाडीचे दिवे, बार लाइट, सगळं बंद करा. नर काजवा लुकलुकून मादीला खुणावतो आणि आपल्या झोतात तिला ती खूण दिसतच नाही. माझ्या मुलीने हे ऐकून विजेरीवर लाल कागद लावला. अंधाराला डोळे सरावल्यावर समोरचं अख्खं झाड एका लयीत उजळताना तिने पाहिलं.

मुळशीकर शेतकरी :
मी गाडीवाला नाही, वाडीत राहतो. तरी लिहितो. पावसात काही गाड्या रस्ता सोडून खाचरांत घुसतात. भाताला पाणी साठवून लागतं, ते बांधामुळे साठतं. एका चाकाने बांध फोडला की खाचर रिकामं होतं आणि खालच्याचं रोप वाहून जातं. पुन्हा बांध घालायला दोन माणसांचा दिवस मोडतो, तोही लावणीच्या घाईत. माझ्या डोळ्यादेखत असं झालं, गाडी थांबलीसुद्धा नाही. तुम्हाला हिरवळ दिसते, आमचं ते वर्षाचं धान्य असतं.

धागाकर्ती :
दादा, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. प्रत्येक नव्या गाडीवाल्याने आधी हेच वाचावं. वाडीत शिरताना विचारायचं कोणाला?

मुळशीकर शेतकरी :
पहिल्या घराशी थांबा, जमीन कोणाची ते ते सांगतील. पोलीस पाटलांच्याही कानावर घाला, रात्री अनोळखी गाडी दिसली की लोक घाबरतात. भात काढल्यावर, डिसेंबरात आलात तर खाचरं कोरडी असतात, तिथेच तंबू लावू देऊ. मार्चनंतर येणार असाल तर पाणी घरून आणा, आमच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात.