मदत हवी आहे: काजूच्या एलसीएत सामाजिक खर्च कुठे भरायचा?

काजूवाला: युरोपातल्या गिऱ्हाइकाने काजूगराचं जीवनचक्र विश्लेषण (एलसीए, म्हणजे बागेपासून पाकिटापर्यंतच्या पर्यावरणावरच्या बोजाचा हिशोब) मागितलंय. पर्यावरणाचा आणि सामाजिक खर्चही त्यात हवा म्हणे. शुक्रवारपर्यंत द्यायचंय. वीज, डिझेल, पॅकिंग ओपनएलसीए सॉफ्टवेअरात भरून झालं. सामाजिक खर्च कुठल्या रकान्यात? लवकर सांगा.

दर्यावर्दी: रकान्याचं नंतर बघू. हिशोब एक किलो गराचा की एक किलो बीचा? साधारण चार किलो बीला एक किलो गर पडतो. आणि बी भाजता की वाफवता?

काजूवाला: गराचा. वाफवतो. बॉयलरला टरफलंच जाळतो, म्हणून इंधन शून्य धरलं.

दर्यावर्दी: शून्य? आणि तो धूर कोणाच्या खात्यात?

कोकमवाडी: सोलर ड्रायर घ्या. आमची आमसुलं तीन वर्षं त्यातच सुकतात, झकास.

काजूवाला: अहो, काजू आहे, आमसुलं नाहीत!

गणितमास्तर: टरफलाचं तेल विकत असाल तर बोजा गर आणि तेल यांच्यात भावाच्या प्रमाणात वाटा.

दर्यावर्दी: आयएसओ १४०४४ या एलसीएच्या मानकात भावाचा नंबर शेवटी लागतो. आधी वाटणी टाळता येते का ते बघा, नाहीतर वजनाने वाटा.

गणितमास्तर: वजनाने वाटलं की सगळा बोजा टरफलावर आणि गर सोवळा!

सुरंगी: मूळ प्रश्नाचं कोणी बोलेल का? आयएसओ १४०४० या एलसीएच्या मूळ मानकाच्या चौकटीत सामाजिक बाजू येत नाही. त्यासाठी यूएनईपीची (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम) वेगळी मार्गदर्शिका आहे, २००९ ची, २०२० मध्ये सुधारलेली. त्यात मजुरी, कामाचे तास, आरोग्य असं बघतात. माझी आई बारा वर्षं बी फोडायला जायची. बोटांना खोबरेल चोपडून बसायची, तरी टरफलाच्या तेलाने पेरांची सालं निघायची. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटायचा नाही. याचे रुपये किती लावणार?

गणितमास्तर: लावता येतात. मलम, हातमोजे, बुडालेले खाडे. पर्यावरणावरचे परिणाम पैशात मांडायला तर आयएसओ १४००८ हे मानकच आहे.

सुरंगी: हातमोजे घालून एक शेर बी फोडून दाखवा, मग बोलू.

मालवणीगजाली: आणि बोंडू (काजूची फळां) खंय गेले? बागेत कुजतत ते धरलास काय? आमचे तर औंदा माकडांनीच खाल्ले.

काजूवाला: बाग आमची नाही हो. निम्मी बी पश्चिम आफ्रिकेतली, मंगळूरला उतरते.

दर्यावर्दी: हे आत्ता सांगताय?

काजूवाला: विचारलं कोणी?

सुरंगी: पाकिटावर काय छापता? 'वेंगुर्ला काजू'ला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, म्हणून विचारतेय.

काजूवाला: तो विषय वेगळा. रकाना सांगा.