छोट्या सौर प्रकल्पांना स्वतः जुळवून घेणारं नियंत्रण सक्तीचं करावं का?

बार्शीकर:
सक्ती हवीच. जाळ्याची स्थिती पाहून इन्व्हर्टरने (सौर पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) आपली सेटिंग स्वतः बदलावी, असं हे नियंत्रण. आपल्या सोलापूर जिल्ह्यात शेतीच्या फीडरसाठी (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीसाठी) उभे राहणारे सौर प्रकल्प ३३/११ केव्ही उपकेंद्राला ११ केव्हीवर जोडतात. पाऊस झाला की पंप बंद होतात. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं की बसचं (उपकेंद्रात सगळ्या लाईन जिथे जोडतात त्या पट्टीचं) व्होल्टेज चढतं आणि पॉवर फॅक्टर १ वर बांधलेले, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर न ओढणारे, इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतात (आपोआप बंद पडतात). वीज वाया! ५ मेगावॅटचा प्रकल्प ०.९५ पॉवर फॅक्टरला १.६४ एमव्हीएआर (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं माप) ओढू शकतो, त्याने व्होल्टेज उतरतं. इन्व्हर्टर मात्र ५.२६ एमव्हीएचे (दोन्ही पॉवर मिळून लागणारी क्षमता) लागतात. काटकसर नेमकी इथेच होते.

मोहोळकर:
असहमत. ११ केव्हीच्या लांब, बारीक तारेच्या फीडरवर रोध (तारेचा साधा अडथळा) रिअ‍ॅक्टन्सच्या (एसी प्रवाहाला चुंबकीय परिणामामुळे होणाऱ्या अडथळ्याच्या) तोडीस तोड असतो. तिथे एमव्हीएआर ओढून व्होल्टेज थोडंच उतरतं, लॉस तेवढा वाढतो. शिवाय इन्व्हर्टर, कपॅसिटर बँक (व्होल्टेज चढवणारी) आणि टॅप चेंजर (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारं साधन) एकाच बसच्या मागे लागले की हंटिंग, म्हणजे एकमेकांमुळे सतत वर-खाली होणं, ठरलेलं. टॅप चेंजरचे काँटॅक्ट झिजतात, त्याचा खर्च कोण करणार?

बार्शीकर:
फीडरच्या टोकाबद्दल मान्य. पण बसवर जोडलेल्या प्रकल्पामागे ट्रान्सफॉर्मरचा रिअ‍ॅक्टन्स असतो, तिथे एमव्हीएआर चांगला लागू पडतो. हंटिंगवर उपाय आहे: इन्व्हर्टरने काही सेकंदांत काम करावं, टॅप चेंजरने मिनिटभर थांबावं आणि त्याचा डेडबँड (ज्या फरकाला तो हलत नाही तो पट्टा) एका टॅपच्या पायरीपेक्षा मोठा असावा.

अक्कलकोटकर:
दोन गोष्टींची गल्लत होतेय. व्होल्टेज स्थानिक, फ्रिक्वेन्सी देशाची. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं, तेव्हापासून फ्रिक्वेन्सी एकच. त्यामुळे ड्रूप (फ्रिक्वेन्सी किती बदलली की वीज किती बदलायची ते प्रमाण) प्रत्येकाने आपल्या मनाने बदलू नये. ५ टक्के ड्रूप आणि ०.०३ हर्ट्झ डेडबँड धरला, तर ५०.२३ हर्ट्झला (नेहमीची ५०) ८ टक्के, म्हणजे ५ मेगावॅटमागे ०.४ मेगावॅट उतरवायचे. फ्रिक्वेन्सी घसरल्यावर वाढवायचं तर आधीच काही वीज हातची राखून ठेवावी लागते. तिचे पैसे ठरल्याशिवाय ती सक्ती अन्यायाची.

मोहोळकर:
फ्रिक्वेन्सीबद्दल एकदम पटलं. व्होल्टेजबाबत माझा आक्षेप जाळ्याची ताकद चालू कामात मोजणाऱ्या अल्गोरिदमला आहे. आपण एमव्हीएआर बदलला त्याच क्षणी शेजारच्या प्रकल्पानेही बदलला, तर अंदाज चुकतो, गेन (प्रतिसादाची तीव्रता) नको तितका वाढतो आणि कमकुवत बसवर पीएलएल (इन्व्हर्टरला जाळ्याच्या लयीशी जुळवून ठेवणारा भाग) डोलायला लागतो. त्यापेक्षा दोन-तीन सेटिंग आधी तपासून ठेवा आणि ३३ केव्ही ब्रेकर कुठला चालू-बंद आहे त्यावरून निवडा. उपकेंद्राचा सिग्नल तुटला तर सर्वांत मंद सेटिंगवर या. एवढंच सक्तीचं करत असाल, तर माझी हरकत नाही.